मामांचा लॅपटॉप: पासवर्ड बरोबर होता, घड्याळ चुकलं होतं

शनिवार, रात्री उशिरा

मामांचा लॅपटॉप आजपासून माझ्या टेबलावर. इंटेल आठव्या जनरेशनचा आय फाइव्ह, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, विंडोज १० होम. दोन महिने कपाटात बंद पडून होता, बाहेर काढून चार्जर लावला तर निळा स्क्रीन आला आणि मामांच्या भाषेत "पासवर्ड मागायला लागला". त्यांनी नेहमीचा पासवर्ड टाकून बघितला तर अक्षरं उमटेचनात. मग एका दुरुस्तीवाल्याला दाखवला, त्याने दोन मिनिटांत सांगितलं की पासवर्ड विसरलायत, फॉरमॅट मारावा लागेल. आता त्या लॅपटॉपमध्ये मामांनी सहा वर्षं खपून लिहिलेली वंशावळ आहे, जुन्या फोटोंचे स्कॅन आहेत, आणि दुसरी कॉपी कुठेही नाही. म्हणलं मामा, आधी माझ्याकडे द्या, फॉरमॅट काय कधीही मारता येतो, पण एकदा मारला की मागे फिरता येत नाही.

तर पहिली गोष्ट, तो स्क्रीन पासवर्डचा नव्हताच. बिटलॉकर म्हणजे डिस्कवरचा सगळा डेटा कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी विंडोजची सोय, तिची रिकव्हरी की, म्हणजे आणीबाणीची किल्ली, मागत होता. विंडोजचा पासवर्ड म्हणजे आतल्या खोलीचं कुलूप, बिटलॉकर म्हणजे वाड्याचा दिंडी दरवाजाच, तो उघडल्याशिवाय विंडोज सुरूही होत नाही. आणि तिथे फक्त आकडे चालतात म्हणून मामांची अक्षरं उमटत नव्हती. मामा म्हणाले, "अरे पण मी असलं काही कधी चालूच केलं नाही." बरोबर आहे त्यांचं. अशा बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने पहिल्यांदा लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे बिटलॉकरचंच साधं रूप, आपोआप चालू होतं आणि की त्याच अकाउंटमध्ये जाऊन बसते. मामांच्या मोबाइलवरून अकाउंट उघडलं, डिव्हाइसच्या यादीत दोन कीज निघाल्या, एक आधीच्या लॅपटॉपची. स्क्रीनवर की आयडी दिसतो त्याची पहिली आठ अक्षरं जुळवून बघायची, जी जुळेल ती आपली.

आता या कीबद्दल थोडं सविस्तर लिहितो कारण मला ही रचना फार आवडते. ४८ आकडे, सहा-सहाचे आठ गट. प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. भाग दिल्यावर जो भागाकार येतो तो १६ बिटांत मावणारा असतो, म्हणजे जास्तीत जास्त ६५५३५, आणि असे आठ मिळून १२८ बिट. त्यामुळे कुठलाही गट ७२०८८५ च्या वर जात नाही, म्हणजे गटाचा पहिला आकडा ८ किंवा ९ असेल तर तो नक्की चुकीचा वाचलाय. मामांनी की कागदावर उतरवून दिली होती आणि त्यांचा इंग्रजी तीन घाईत आठसारखा येतो, की घेईचना. खरी की अर्थातच इथे देणार नाही, पण समजा गट १३५७९५ आहे, हा ११ गुणिले १२३४५. त्यातल्या ३ चा ८ झाला की १८५७९५, याला ११ ने भाग जात नाही, लगेच पकडलं जातं. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तरी ही तपासणी हमखास पकडते. मी कॅल्क्युलेटर घेऊन आठही गट तपासले आणि नेमका कुठला चुकलाय ते सापडलं, पूर्ण ४८ आकडे पुन्हा वाचायची गरज पडली नाही.

दरवाजा उघडला, विंडोज सुरू झालं, लॉगिन स्क्रीन आला. पिन टाकायला गेलो तर पिन उपलब्ध नाही असा मेसेज. पासवर्ड टाकला तर चुकीचा. मामा आता खरोखरच घाबरले, कारण हा पासवर्ड ते मोबाइलवर रोज वापरतात, तो चुकणं शक्यच नाही. मग खालचं वाक्य नीट वाचलं: डिव्हाइस ऑफलाइन आहे, या डिव्हाइसवर शेवटचा वापरलेला पासवर्ड टाका. हे वाक्य दहातले नऊ जण वाचतच नाहीत आणि सगळं उत्तर त्यातच असतं.

"मामा, मधल्या काळात पासवर्ड बदललात का कुठे?"

"हो ना, मोबाइलवर बदलला, महिना झाला असेल."

म्हणजे लॅपटॉपला हा नवा पासवर्ड माहीतच नाही, त्याला ऑनलाइन जाऊन विचारता येत नाहीये म्हणून तो स्वतःजवळ जपलेल्या जुन्यावर अडून बसलाय. लॉगिन स्क्रीनवरूनच वायफाय जोडलं, सिग्नल पूर्ण, तरी तेच वाक्य. हे तेव्हा मला खटकलं होतं पण मी पुढे गेलो, तिथेच थांबून विचार करायला हवा होता. जुना पासवर्ड मामांना आठवला, टाकला, तोही चुकीचा! दोनदा टाकला. मग डोळ्याच्या खुणेवर क्लिक करून बघितलं तर बॉक्समध्ये चक्क देवनागरी, के दाबला की क, एल दाबला की त. आल्ट आणि शिफ्ट चुकून एकत्र दाबले गेले असणार आणि कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर गेला. कोपऱ्यातल्या खुणेवरून इंग्रजी केला आणि जुन्या पासवर्डने आत गेलो.

आत तारीख होती १ जानेवारी २०१८. ब्राउझर म्हणतोय तुमचं घड्याळ मागे आहे, मेल उघडत नाही, अपडेट होत नाही. तारीख हाताने बरोबर केली, सगळं चालायला लागलं. रात्रीचा एक वाजलाय, चार्जर काढून बंद करून ठेवतो.

रविवार

सकाळी चालू केला तर पुन्हा निळा स्क्रीन. पुन्हा ४८ आकडे. आत गेल्यावर पुन्हा १ जानेवारी २०१८. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की या चार तक्रारी चार नाहीतच, सगळ्यांचं मूळ एकच आहे.

पण त्याआधी डेटा. दुरुस्तीला हात लावायच्या आधी कॉपी, हा नियम मी कुणाच्याही मशीनसाठी मोडत नाही. एसएसडी काढून एनक्लोजरमध्ये, म्हणजे बाहेरून जोडायच्या डबीत, घातली, माझ्या मशीनला जोडली, तिथेही की मागितली, दिली, वंशावळ आणि फोटो धरून ६१ जीबी दोन ठिकाणी उतरवून घेतले. स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे एसएसडीच्या तब्येतीचा अहवाल, बघितला, ठणठणीत आहे.

मग मागचं झाकण उघडून सीमॉस बॅटरी बघितली, म्हणजे लॅपटॉप बंद असताना घड्याळ आणि सेटिंग्ज जपणारा छोटा सेल. सीआर२०३२ चा सेल, म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी, नावातच माप आहे. काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, लाल-काळी वायर आणि छोटा दोन पिनचा कनेक्टर. मल्टिमीटर लावला. ३ व्होल्टच्या आसपास यायला हवे, आले १.१. त्यात मोठी बॅटरीही थकलेली, पाच मिनिटंसुद्धा टिकत नाही, मामा कायम चार्जर लावूनच वापरायचे. कपाटात दोन महिन्यांत मोठी पूर्ण उतरली, छोट्या सेलवर भार आला, तोही संपला, आणि बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारं मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर, घड्याळासकट सगळी सेटिंग्ज विसरून डिफॉल्टवर गेलं.

आणि डिफॉल्ट म्हणजे या मॉडेलमध्ये पीटीटी बंद आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी तपासणी) पण बंद. पीटीटी हा इंटेलचा प्रोसेसरसोबत येणारा टीपीएम, टीपीएम म्हणजे किल्ल्या जपणारी तिजोरी. बिटलॉकरची किल्ली त्याच्याकडे ठेवलेली असते आणि मशीन नेहमीसारखंच सुरू झालंय याची खात्री पटली तरच तो ती देतो, आता तोच बंद म्हटल्यावर बिटलॉकर माणसाकडे ४८ आकडे मागणार नाही तर काय करणार. पिनही त्याच टीपीएमला बांधलेला, म्हणून पिन गायब. आणि घड्याळ २०१८ मध्ये असेल तर सर्व्हरचं सर्टिफिकेट लॅपटॉपच्या हिशेबाने अजून सुरूच झालेलं नसतं, त्यामुळे वायफाय असूनही सुरक्षित कनेक्शन होत नाही, म्हणून "ऑफलाइन", म्हणून नवा पासवर्ड चुकीचा. काल रात्री जे खटकलं होतं त्याचं उत्तर हे.

कुणी म्हणेल विंडोज नेटवरून वेळ आपोआप घेतं की. घेतं, पण फरक फार मोठा असेल तर टाइम सर्व्हिस घड्याळाला हात लावत नाही, घरगुती मशीनवर ही मर्यादा ५४,००० सेकंद म्हणजे १५ तास असते. इथे फरक काही वर्षांचा.

नवा सेल वायरवाला तयारच घेतला. साध्या सेलला घरी सोल्डर मारू नका, लिथियम सेलला थेट उष्णता देणं धोक्याचं आहे. जोडण्याआधी लाल वायर कुठल्या पिनला जाते ते जुन्याशी ताडून बघा, सगळ्यांची सारखी नसते. मीटरवर ३.२ व्होल्ट. बायोसमध्ये तारीख-वेळ, पीटीटी चालू, सिक्युअर बूट चालू. तिथे शेजारीच टीपीएम क्लिअर करायचा पर्याय असतो, त्याला चुकूनही हो म्हणू नका, आत ठेवलेली किल्ली कायमची जाते. सेव्ह करून रीस्टार्ट.

निळा स्क्रीन आला नाही. सरळ लॉगिन, आणि पिनचा बॉक्स परत जागेवर. मामांना बोलावलं, त्यांनी जुनाच पिन टाकला आणि आत गेले. काहीही रीसेट केलेलं नाही. मामा काहीच विसरले नव्हते.

मंगळवार

आता सॉफ्टवेअरचा पसारा. अपडेट अडकत होते, स्टार्ट मेन्यू मध्येच उघडायचा नाही. एसएफसी स्कॅन (विंडोजच्या स्वतःच्या फाइल्स तपासणारी कमांड) चालवला, खराब फाइल्स सापडल्या पण काही दुरुस्त होऊ शकल्या नाहीत असं आलं. अशा वेळी आधी डिझम ही दुसरी कमांड चालवायची, कारण एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फाइल्स उचलतो तो साठाच बिघडलेला असतो, आणि डिझम तो साठा विंडोज अपडेटवरून भरून घेतो, म्हणजे इथेही घड्याळ आधी बरोबर हवं. ६२.३ टक्क्यांवर बराच वेळ थांबला. ज्यांनी हे केलंय त्यांना हा आकडा ओळखीचा असेल, तिथे घाबरून बंद करू नका, थांबू द्या. पुढे गेला, संपला, मग एसएफसी पुन्हा, सगळं दुरुस्त. अपडेट पण सुरळीत उतरले.

एक विचारणा झाली होती की लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून पासवर्ड उडवून का नाही टाकला. तो उपाय लोकल अकाउंटसाठी आहे, आणि ड्राइव्ह एन्क्रिप्ट असेल तर की शिवाय त्या पेन ड्राइव्हला आतली एकही फाइल दिसत नाही. शिवाय मालक शेजारी बसलेला असल्याशिवाय मी कुठल्याच मशीनच्या कुलपाला हात लावत नाही, ओळखीतला असला तरी.

गुरुवार

काल रात्री मुद्दाम चार्जर काढून, मोठ्या बॅटरीचा कनेक्टरही सोडवून ठेवला होता, म्हणजे सगळा भार एकट्या नव्या सेलवर. आज सकाळी जोडून चालू केला, घड्याळ मोबाइलशी मिनिटाला मिनिट जुळतंय, की मागितली नाही, पिनने आत.

राहिलेलं काम: मोठी बॅटरी बदलायची आहे, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय तेव्हा ११ वर न्यायचा आहे, प्रोसेसर आणि टीपीएम दोन्ही चालतात. त्याआधी बायोस अपडेट करणार, आणि बायोस अपडेटच्या आधी बिटलॉकर तात्पुरता सस्पेंड करणार, नाहीतर पुन्हा ४८ आकडे. की मामांनी स्वतःच्या वहीत लिहून घेतलीय, या वेळी प्रत्येक गटाला ११ ने भाग देऊन.