बाहुलीवर शिकून खरं पेशंट जमंल काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सांगलीत मी नर्सिंग शिकवते. प्रवेशाच्या दिवसांत जत, आटपाडीकडचे पालक आमची स्किल लॅब, म्हणजे बाहुल्यांवर सराव करायची खोली, बघतात आणि हाच प्रश्न विचारतात.

मी पहिलं इंजेक्शन थेट एका आजींना दिलं. त्यांचा दंड दोन दिवस सुजला होता. अजून आठवतं.

आता बाळंतिणीचा रक्तस्राव कसा शिकवते ते ऐका. बाहुलीच्या कमरेखाली चादर, पॅड अंथरायचे आणि लाल रंगाचं पाणी मोजून ओतायचं, 500 मिली. "किती गेलं?" मुली म्हणतात दीडशे, फार तर दोनशे. कापडात मुरलेलं रक्त डोळ्याला कमीच दिसतं. मग तेच भिजलेलं कापड वजनकाट्यावर ठेवायचं, कोरड्याचं वजन वजा करायचं. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. काटा बघून वर्ग गप्प होतो, कारण बाळंतपणानंतर 500 मिली म्हणजे धोका, हे सगळ्यांना पाठ असतं.

पाठ तर सगळंच असतं: गर्भपिशवी चोळा, लघवीची पिशवी रिकामी करा, गर्भपिशवी आवळणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन द्या. पण लॅबमध्ये हाच प्रसंग वठवताना एक मुलगी सासू होऊन ओरडायला लागली की पोटावर हात ठेवलेली मुलगी मुकी होते. इंजेक्शन दुसरीनं दिलं असेल असं प्रत्येकीला वाटतं. दहा मिनिटांत प्रसंग संपतो. नंतर आम्ही अर्धा तास गोल करून बसतो. खरं शिकणं तिथंच होतं. एकदा एक पोर म्हणाली, "मॅडम, हाक मारली तर मला येत नाही असं वाटेल ना, म्हणून गप्प बसले." हे वॉर्डात कळलं असतं तर फार महागात पडलं असतं. आठवड्यानं तोच प्रसंग पुन्हा केला. या वेळी तिनं मैत्रिणीला नावानं हाक मारून इंजेक्शन मागितलं, आणि "दिलं" असं उत्तर येईपर्यंत नजर हलवली नाही.

याला लाखोंची बाहुलीच लागते असंही नाही. 18व्या शतकात फ्रान्समध्ये मादाम द्यु कुद्रे ही सुईण कापडाचामड्याची बाळंतीण घेऊन गावोगाव सुइणींना शिकवत फिरली.

बाहुलीला दुखत नाही, ती घाबरून आपला हात घट्ट धरत नाही. ते वॉर्डातच शिकावं लागतं. म्हणून मुलींना वॉर्डात पाठवतोच, फक्त लॅबनंतर.