घोडे कुठे आहेत?

आमच्या माहितीपटाला बक्षीस मिळालं हे कळलं की अभिनंदनाच्या पाठोपाठ एक प्रश्न येतोच: "पण त्यात घोडे कुठे आहेत?" पुण्याच्या मावशीनेही विचारलं, इथे ओमाहात गणपतीच्या पंगतीतही विचारलं. माहितीपट ओरेगन ट्रेलवर, म्हणजे अमेरिकेत पश्चिमेकडे वस्ती करायला निघालेल्या लोकांच्या जुन्या वाटेवर आहे. ओरेगन ट्रेल म्हटल्यावर टोपीवाले घोडेस्वार हवेतच ना!

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मिसूरीतल्या इंडिपेंडन्सपासून ओरेगनच्या विलामेट खोऱ्यापर्यंतची ही साधारण ३,२०० किलोमीटरची वाट. १८४० नंतरच्या दोन-तीन दशकांत तिच्यावरून जी कुटुंबं गेली, त्यांच्या गाड्या बहुतेक करून बैलांनी ओढल्या. बैल घोड्यापेक्षा स्वस्त, आणि रानातल्या हलक्या गवतावरही निभावणारा. नाकात वेसण नाही, हातात कासरा नाही. गाडीवान डाव्या बाजूने बैलांच्या शेजारून चालायचा. गाडी सामानाने भरलेली, म्हणून बाकीचेही चालतच. चार ते सहा महिने.

बक्षीस छोट्या महोत्सवाचं आहे, आणि ते आवाजासाठी आहे. म्हणजे माझ्या कामासाठी. दिग्दर्शकाला सगळीकडे व्हायोलिन हवं होतं. मी जुन्या पद्धतीने बांधलेल्या गाडीच्या आखाशी मायक्रोफोन बांधला आणि दोन दिवस नुसती करकर टिपली. साताऱ्याकडे आजोबांच्या गाडीला वंगणाचं नळकांडं लटकायचं. या गाड्यांच्या मागे डांबर आणि चरबीची बादली लटकायची. कोरड्या हवेत लाकूड आकसून लोखंडी धाव सैल झाली की चाकं नदीत भिजत ठेवायचे. हे वाचताना मला नवल वाटलं नाही, आजोबांची आठवण आली.

वायोमिंगमध्ये गर्न्सीजवळ वालुकाश्मात या चाकांनी आणि खुरांनी पाच फुटांपर्यंत खोल चर पाडलेत. 'चाकोरी' हा शब्द मी जन्मभर ऑफिसला नावं ठेवायला वापरला. खरीखुरी चाकोरी तिथे पाहिली, आत उतरलो तर छातीपर्यंत आली.

ही वाट टिकली त्याचं श्रेय एझ्रा मीकरलाही आहे. १८५२ मध्ये बायको आणि तान्ह्या मुलासह तो याच वाटेने गेला होता. १९०६ मध्ये, पंच्याहत्तरीत, तो पुन्हा बैल जुंपून उलटा पूर्वेकडे निघाला आणि गावोगाव खुणेचे दगड बसवत गेला. सरकारने तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वाट ठरवलं ते १९७८ मध्ये.

मानपत्रातला एक शब्द मात्र मला खुपतो: 'निर्जन'. त्या प्रदेशात पॉनी, लकोटा, शायान, शोशोनी या मूळ रहिवाशांच्या जमाती राहत होत्या. अमेरिकी सरकारशी झालेल्या १८५१ च्या फोर्ट लॅरामी तहात काही जमातींनी वाट वापरू द्यायची आणि त्याबदली त्यांना ५० वर्षं दरसाल ५० हजार डॉलरचा माल मिळायचा, असं ठरलं. सिनेटने ५० वर्षांची १० केली. आमच्या फिल्ममध्ये याला चारच मिनिटं आहेत. कमी आहेत, हे मी तेव्हाही म्हणालो होतो. मग परीक्षकांना रान रिकामं वाटलं, यात त्यांचा एकट्यांचा दोष कसा म्हणू?

मावशीने शेवटी फिल्म पाहिली. घोड्यांचा विषय निघाला नाही. म्हणाली, "बक्षीस राहू दे रे, आधी त्या गाडीला वंगण घाला."