छान म्हंजी कसं?

काल येळवस, म्हंजी वेळ अमावास्येचा सण. लातूरकडं मार्गशीर्ष अमावास्येला घरी कुणी थांबत नाही, सगळं गाव शेतात. रात्री पाचवीतल्या भाचीनं वहीत लिहिलं, "शेत छान होतं. भज्जी छान होती. आंबील छान होती."

माझ्या आईनं ऐकलं अन् विचारलं, "छान म्हंजी कसं गं माय?"

पोरगी गप्प. मग आईच एकेक विचारत गेली. वारा कसा होता? "अंगाला झोंबत होता." झोंबरा लिही. आंबील? "आंबट... नाही, आंबूस. अन् गारेगार." हरभऱ्याची भाजी खुडताना बोटं कशी झाली? तिनं बोटं नाकाशी नेली, जीभ लावून बघितली. "खारट-आंबट, चिकचिकीत!" भाकरी खरपूस झाली, ज्वारी हिरवीकंच.

छान शब्दावर माझा राग नाही. पण वाऱ्यालाही तोच, भाकरीलाही तोच, मग जे जिभेला कळलं ते वहीत येतच नाही. मी शिकलेली, पण हे मला सुचलं नाही. शाळेची पायरी न चढलेल्या आईला सुचलं.

भज्जीपाशी मात्र तिघी अडलो. इतक्या शेंगा, डाळी, भाज्या एकत्र शिजलेल्या, त्या चवीला एक शब्द कुठला? तिथं पोरीनं वहीत जागा मोकळी सोडलीय.