बग म्हणजे किडाच ना?

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे असं कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "सॉफ्टवेअरमधल्या चुकांना बग का म्हणतात हो? कम्प्युटरमध्ये खरंच किडा शिरला होता ना?"

शिरला होता. पण नाव त्याच्यामुळे पडलेलं नाही.

९ सप्टेंबर १९४७. हार्वर्ड विद्यापीठात मार्क टू या कम्प्युटरची चाचणी चालू होती. त्या यंत्रात चिप नव्हत्या, रिले होते, म्हणजे विजेवर उघडझाप करणारे स्विच. एफ पॅनेलवरच्या ७० नंबरच्या रिलेत एक पतंग अडकलेला सापडला, दिव्याभोवती घिरट्या घालतो तसला. तिथल्या मंडळींनी तो टेपने नोंदवहीत चिकटवला, वेळ लिहिली १५:४५, आणि खाली शेरा मारला: बग प्रत्यक्ष सापडल्याची ही पहिलीच वेळ. ते पान पतंगासकट आज स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. (वेळ, जागा आणि जोडीला पुरावा! आमच्याकडे नुसतं 'चालत नाहीये' लिहून पाठवणाऱ्यांना ते पान दाखवावंसं वाटतं.)

मेख आहे ती 'प्रत्यक्ष' या शब्दात. बग हा शब्द आधीच तोंडी रुळलेला होता, म्हणून तर ही गंमत जमली. कम्प्युटरतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांनी हा किस्सा पुढे इतका रंगवून सांगितला की पतंगही त्यांनीच पकडला असं लोक धरून चालतात. तसं नव्हतं.

एडिसनच्या १८७८ मधल्या पत्रांत हा शब्द भेटतो. त्यातल्या एका पत्रात तो लिहितो की कल्पना सुचते झटक्यात, मग अडचणी सुरू होतात, बग डोकं वर काढतात, आणि धंदा चालणार की बुडणार हे कळायला कित्येक महिने राबावं लागतं. सगळ्या प्रोजेक्ट मॅनेजरांनी हे वाचावं, असं माझं प्रामाणिक मत आहे. १८८९ मध्ये लंडनच्या 'पॉल मॉल गॅझेट'ने तर वाचकांना समजावूनच सांगितलं होतं: एडिसन दोन रात्री जागून फोनोग्राफमधला (आवाज नोंदवून परत ऐकवणाऱ्या यंत्रातला) बग शोधत होता, म्हणजे एखादा काल्पनिक किडा आत दडून सगळा घोळ घालतोय असं समजायचं.

त्याच्याही मागे गेलं तर किडाच उरत नाही. जुन्या इंग्रजीत बग म्हणजे भेडसावणारं भूत. १५३५ च्या कव्हरडेलने छापलेल्या इंग्रजी बायबलात ९१ व्या स्तोत्रात रात्रीच्या बगांना भिऊ नकोस असं म्हटलंय. १६११ च्या किंग जेम्स बायबलात त्या जागी 'दहशत' आली. किडा हा अर्थ सतराव्या शतकातला, आणि तो भुतावरूनच आला का यावर जाणकारांचं एकमत नाही. आता तुम्हाला बागुलबुवा आठवला असेल. मलाही आठवला होता, पण आवाज सारखा वाटला म्हणून लगेच सोयरीक जुळवू नका.