आज स्लॅब भरला

सकाळी सातला मिक्सर सुरू झाला, दुपारी तीनला शेवटचं घमेलं वर गेलं. पाय दुखताहेत, पण मन शांत आहे.

ठेकेदार ठरवायला मला दीड महिना लागला. दोघांनी नुसता चौरस फुटाचा दर सांगितला. तिसऱ्याने कागद काढून लिहून दिलं: एम-20 काँक्रीट (एम-20 म्हणजे ताकदीचा दर्जा), सळई किती जाडीची, किती अंतरावर, सळईखाली 20 मिलिमीटर कव्हर म्हणजे काँक्रीटचा थर, सेंट्रिंग म्हणजे खालच्या आधाराच्या फळ्या-टेकू कधी काढणार, पाणी मारायची जबाबदारी कोणाची. त्याचा दर सगळ्यांत जास्त होता. तरी काम त्यालाच दिलं.

आज एका क्षणी ते पटलं. माल घट्ट वाटला म्हणून मिक्सरवरच्या पोराने पाइप उचलला. मी बोलणार, तेवढ्यात ठेकेदारच वरून ओरडला, "पाणी नको रे! व्हायब्रेटर नीट फिरव." व्हायब्रेटर म्हणजे माल हलवून नीट बसवणारं यंत्र. सिमेंटच्या 50 किलोच्या गोणीला साधारण 25 लिटर पाणी पुरतं. जास्तीचं पाणी उडून जातं, मागे बारीक पोकळ्या राहतात आणि काँक्रीट कमजोर होतं. हे त्या पोरालाही त्याने तिथेच समजावून सांगितलं. मला फार बरं वाटलं.

भरायच्या आधी मी वाकून पाहिलं होतं, सळईखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे ती उचलून धरणारे छोटे ठोकळे, होते. एके ठिकाणी सळई फळीला टेकली होती, सांगताच उचलून बांधली.

उद्या सकाळी स्लॅबवर छोटे बांध घालून आळी करायची आणि पाणी भरायचं. निदान सात दिवस, जमलं तर चौदा. गोणपाट भिजवून ठेवलंय.