तुम्ही विचारलंत म्हणून: रिव्हॉल्व्हर बरं की पिस्तूल?

पोलीस शस्त्रागारातली नोकरी संपवून पांढरकवड्याकडच्या आमच्या गावी आलो, तेव्हापासून लग्नात, आठवडी बाजारात, पारावर एकच प्रश्न येतो, "काकाजी, रिव्हॉल्व्हर बरं का पिस्तूल, सांगा न जी." बहुतेकांनी दोन्ही पडद्यावरच पाहिलेली असतात. एखाद्यालाच खरोखर परवान्याचा अर्ज करायचा असतो. त्याच्यासाठी हे लिहितो.

रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्या फिरत्या सिलिंडरच्या घरांत बसतात, पिस्तुलात मुठीतल्या मॅगझीनमध्ये. आकार सोडा. चाप (ट्रिगर) ओढला की आत किती कामं होतात, ते आधी पाहा.

घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा मागचा हातोडा, अंगठ्याने मागे चढवून ठेवायचा आणि चापाने तो नुसता सोडायचा, ही सिंगल ॲक्शन. १८७३ चं कोल्ट रिव्हॉल्व्हर असं चालतं. चाप हलका, साधारण दीड-दोन किलोचा, त्यामुळे नेम छान बसतो. पण त्या जुन्या कोल्टमध्ये घोड्याची टोच थेट काडतुसाच्या टोपीवर टेकायची. हत्यार खाली पडलं तर बार उडायचा, म्हणून जाणकार सहापैकी एक घर रिकामं ठेवून घोडा त्यावर टेकवत. आपल्या पोलिसांकडचं ईशापूरच्या सरकारी कारखान्यातलं ९ एमएम (नऊ मिलिमीटर गोळीचं) पिस्तूलही सिंगल ॲक्शनच. ते १९३५ च्या ब्राउनिंग हाय-पॉवरवर बेतलेलं आहे. त्याचा घोडा पहिल्यांदा स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, ओढली की चढतो आणि पुढे दर गोळीला आपोआप.

डबल ॲक्शनमध्ये सगळा भार एकट्या चापावर. रिकामं रिव्हॉल्व्हर हातात घेऊन चाप सावकाश ओढून पाहिला की कळतं: घोडा उठत जातो, सिलिंडर एक घर फिरतो, खट्ट करून अडकतो आणि मग घोडा सुटतो. त्याला पाच किलोच्या आसपास जोर लागतो. नव्या पोरांना आम्ही रिकाम्या हत्याराच्या नळीवर रुपयाचं नाणं ठेवून चाप ओढायला लावायचो. पहिल्या आठवड्यात नाणं पडलं नाही असा पोरगा क्वचितच. पण हाच जड चाप चुकून ओढला जात नाही, आणि खिशातल्या हत्याराला तेच हवं. ब्रिटिशांनी तर दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास एन्फील्ड रिव्हॉल्व्हरच्या घोड्याची शेपटीच काढून टाकली. रणगाड्यात चढता-उतरता ती अडकत असे.

वॉल्थर या जर्मन कंपनीने १९२९ मध्ये पीपी पिस्तुलात दोन्ही एकत्र केलं. पहिली गोळी जड चापाने, पुढच्या हलक्याने. कल्पना हुशारीची, पण बोटाला दोन वेगळ्या सवयी लावाव्या लागतात. सराव नसेल तर पहिली गोळी एकीकडे, दुसरी भलतीकडे.

ग्लॉक या ऑस्ट्रियन पिस्तुलाला बाहेरून घोडा दिसतच नाही. आत स्प्रिंगवर अर्धवट ताणलेली पिन असते, तिला स्ट्रायकर म्हणतात. चाप ती पूर्ण ताणतो आणि सोडतो. प्रत्येक वेळी सारखाच, अडीच किलोच्या आसपास. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८० च्या दशकात ते घेतलं आणि मग जगभर तीच तऱ्हा आली. शिकवायला सोपं, म्हणून मला आवडतं. भीती एकाच गोष्टीची: खोलून साफ करण्याआधी त्याचा चाप ओढावा लागतो. मॅगझीन काढलं म्हणजे रिकामं झालं असं समजणाऱ्याच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, एक गोळी राहिलेली असू शकते.

तेव्हा वर्षातून एखाद्या वेळी सराव करणाऱ्याने बत्तीस बोअरचं (०.३२ इंची गोळीचं) डबल ॲक्शन रिव्हॉल्व्हर घ्यावं. उघडलं की सगळी घरं डोळ्यांना दिसतात. ९ एमएम तर सर्वसामान्यांना मिळतच नाही, त्याची हौस धरू नये.

आणि ज्यांना तुरीत शिरणाऱ्या रानडुकरांसाठी पिस्तूल हवंय, त्यांना सरळ सांगतो, नाही. रात्री जागलीवर पळत्या डुकरावर कुठलीही छोटी नळी कामाची नाही. जखमी डुक्कर उलटा अंगावर येईल तो वेगळाच. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे, पिस्तुलाचा नाही. तीही हातात आली म्हणून डुक्कर मारता येत नाही, वनखात्याची परवानगी लागतेच. असा कोणी माझ्याकडे आला की मी त्याला आधी नुकसानभरपाईचा अर्ज भरायला बसवतो.