तुम्ही विचारलंत म्हणून: कर्ज काढू, की घरातलं मोडू?

सीईटीचा निकाल लागला की माझ्याकडे चौकशा सुरू होतात. बँकेतून निवृत्त झाले तरी गावात मी अजून ‘बँकेच्या मॅडम’च आहे. लग्नाच्या पंगतीत, मंडईत, दवाखान्याच्या बाकावर प्रश्न एकच असतो: “मॅडम, पोराच्या कॉलेजला कर्ज काढू, का घरातलंच काहीतरी मोडू?” घरातलं म्हणजे एफडी, आईचं सोनं, वडिलांचा पीएफ आणि सगळ्यांत शेवटी रानाचा तुकडा.

माझं उत्तर असं: घरातलं मोडू नका. कर्ज काढा, पण गरजेपुरतंच काढा आणि त्याचं व्याज पहिल्या महिन्यापासून भरायला लागा. उभ्याउभ्या सांगितलं की लोक यातलं ‘कर्ज काढा’ एवढंच ऐकतात. व्याजाचं वाक्य येईपर्यंत पुढचं ताट वाढलेलं असतं.

कर्जाच्या आधी फीचं बघू. कॉलेजच्या माहितीपत्रकात छापलेली फी तुम्हाला भरायचीच आहे असं नाही. कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतून, प्रवेश असेल आणि घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर खुल्या प्रवर्गातल्या मुलालाही राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत शिक्षण शुल्काचा निम्मा भाग मिळतो, कुटुंबातल्या दोन मुलांपर्यंत. मुलींचं तर २०२४-२५ पासून चित्रच बदललं. आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना याच उत्पन्नमर्यादेत व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र अभिमत विद्यापीठं आणि खाजगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यात येत नाहीत. हे वाक्य दोनदा वाचा. हल्ली गुळगुळीत नावाची विद्यापीठं निघाली आहेत, आणि मुलीची फी माफ होणार या भरवशावर तिथे प्रवेश घेऊन बसलेले पालक मी पाहिले आहेत. अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर करायचा, तोही वेळेत. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेयर हे एप्रिल-मे महिन्यातच काढून ठेवा. जुलैत सेतू केंद्रावर पाय ठेवायला जागा नसते.

ही वजाबाकी झाली की उरते ती खरी गरज, आणि तिच्यात फीपेक्षा हॉस्टेल आणि मेसचाच आकडा मोठा निघतो असं बऱ्याच घरांत होतं. शैक्षणिक कर्जात हे सगळं बसतं: हॉस्टेल, मेस, पुस्तकं, लॅपटॉप, परीक्षा फी. डोनेशन बसत नाही. कॉलेजच्या खिडकीवर पावती न देता घेतलेला कुठलाच पैसा बसत नाही.

आता कर्ज. बँकांच्या संघटनेची, म्हणजे इंडियन बँक्स असोसिएशनची एक आदर्श योजना आहे आणि बहुतेक बँका थोड्या फरकाने तीच चालवतात. तिचा ढाचा माहीत असला की काउंटरवर कोणी गुंडाळू शकत नाही. ४ लाखांपर्यंत तारण नाही, जामीनदार नाही, स्वतःचा हिस्साही घालायचा नाही. त्यापुढे भारतातल्या शिक्षणासाठी ५ टक्के हिस्सा तुमचा. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्राच्या पतहमी निधीचं पाठबळ आहे, त्यात बसणाऱ्या कर्जाला तारण आणि तिऱ्हाईत जामीनदार दोन्ही लागत नाहीत. त्यावर गेलात की तारण आलं. आई किंवा वडील सहकर्जदार म्हणून मात्र पहिल्या रुपयापासून असतात, तिथे सुटका नाही.

तारणाचा विषय निघाला की शेतकरी बाप छाती पुढे काढून सातबारा टेबलावर ठेवतो. “चार एकर बागायत आहे मॅडम, चढवा बोजा.” आणि बँक नाही म्हणते. त्याला तो अपमान वाटतो. कारण साधं आहे: कर्जवसुलीसाठी तारण ताब्यात घेण्याचा जो कायदा बँकांच्या हातात आहे, तो शेतजमिनीला लागूच होत नाही. म्हणून बँकेला एनए म्हणजे बिगरशेती प्लॉट, घर, एफडी, विम्याची पॉलिसी असलं काही हवं असतं. चार एकरवाल्याला मिळत नाही आणि गावठाणात दोन खोल्या असणाऱ्याला मिळतं, असं दिसतं ते यामुळे.

दुसरी अडचण सिबिलची, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून पडणाऱ्या गुणांची. वडिलांचं जुनं पीककर्ज थकलेलं असतं, किंवा मेहुण्याच्या ट्रॅक्टरला जामीन राहिलेले असतात आणि मेहुण्याने हप्ते सोडलेले असतात. पोरगं ९५ पर्सेंटाइलचं, पण फाइल अडते बापाच्या सहीवर. मुलगा अकरावीत असतानाच वडिलांचा सिबिल काढून बघा. निस्तरायला दोन वर्षं मिळतात.

शाखेत “आमच्याकडे होत नाही, घराजवळच्या शाखेत जा” असं सांगितलं जातं. मी काउंटरच्या पलीकडे बसलेली बाई आहे, म्हणून खरं सांगते: शैक्षणिक कर्ज हे शाखेला नकोसं काम असतं. रक्कम लहान, कागद ढीगभर, वसुली पाच वर्षांनी, तोवर कर्जदार पुण्यात किंवा बेंगळुरूत. टाळाटाळ त्यातून येते. पण तुमचं घर शाखेच्या कार्यक्षेत्रात नाही एवढ्या कारणावरून अर्ज नाकारता येत नाही, आणि नकार द्यायचा तर वरच्या अधिकाऱ्याच्या संमतीने द्यायचा असतो. निर्णयाची मुदत साधारण १५ दिवस ते महिना. म्हणून तोंडी विचारू नका, अर्ज ऑनलाइन विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करा. तिथे अर्जाला क्रमांक पडतो, तारीख पडते. क्रमांक पडलेला अर्ज साहेबाला ड्रॉवरमध्ये ठेवता येत नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम-विद्यालक्ष्मी ही नवी योजना मंजूर केली. यादीतल्या दर्जेदार संस्थेत गुणवत्तेवर प्रवेश मिळाला, तर तारण आणि जामीनदार यांच्याशिवाय कर्ज. सुरुवातीला ८६० संस्था धरल्या होत्या. केंद्र सरकारच्या संस्था त्यात येतात, म्हणजे आपल्याकडची आयआयटी मुंबई आली, नागपूरची व्हीएनआयटी आली. घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि दुसरी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत घेत नसाल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात व्याजात ३ टक्के सवलत. मात्र वर्षाला एक लाखच विद्यार्थ्यांना, आणि व्यवस्थापन कोट्यातला प्रवेश चालत नाही. तालुक्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जाणाऱ्या मुलाला या योजनेची जाहिरात दाखवून उपयोग नाही, तरी रोज कोणीतरी ती मला व्हॉट्सअॅपवर पाठवतं.

त्याच्या कामाची जुनी योजना वेगळी आहे. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर शिक्षणाचा काळ अधिक एक वर्ष, एवढ्या मुदतीचं संपूर्ण व्याज केंद्र सरकार भरतं. कॉलेजला किंवा अभ्यासक्रमाला मानांकन लागतं, ते आधी विचारून घ्या. एकाच पदवीसाठी, एकदाच मिळतं. मधेच कॉलेज सोडलं तर जातं. सक्षम अधिकाऱ्याचा उत्पन्नाचा दाखला कर्ज घेतानाच फाइलला लागला पाहिजे आणि शाखेने दावा पुढे पाठवला पाहिजे. पाठवला की नाही हे दरवर्षी जाऊन विचारायचं काम तुमचं. शाखेतला माणूस बदलतो, नव्याला तुमची फाइल माहीत नसते.

ज्यांना ही सवलत लागू नाही त्यांच्यासाठी आता हिशेब, कारण घरं अडकतात ती इथे. शिकत असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो. हप्ता नाही म्हणजे व्याज नाही असं समजून सगळे निवांत असतात. समजा दरवर्षी दीड लाख याप्रमाणे चार वर्षांत ६ लाख उचलले, व्याज १० टक्के. पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचं सरळव्याज ७५ हजार, दुसऱ्यावर ६०, तिसऱ्यावर ४५, चौथ्यावर ३०. एकूण २ लाख १० हजार. हप्ता सुरू होतो त्या दिवशी हे मुद्दलात मिळवलं जातं आणि कर्ज होतं ८ लाख १० हजारांचं. दहा वर्षांच्या मुदतीला महिना सुमारे १०,७०० रुपये. पहिल्या नोकरीत २५ हजार पगार धरला, तर पुण्यात कॉट बेसिसवर राहून, मेसचे पैसे देऊन त्या पोराने हे भरायचे कशातून?

हेच व्याज महिन्याच्या महिन्याला भरलं असतं तर? पहिल्या वर्षी १,२५० रुपये, दुसऱ्या वर्षी अडीच हजार, मग पावणेचार, शेवटची दोन वर्षं ५ हजार. बेरीज तीच २ लाख १० हजार, पण हप्ता ६ लाखांवर बसतो: सुमारे ७,९००. शिवाय शिकत असताना व्याज भरणाऱ्याला बऱ्याच बँका दरात एक टक्क्यापर्यंत सूट देतात. मंजुरीपत्रात ते कलम आहे का ते बघून घ्या. जी एफडी मोडायला निघाला होतात, तिचं व्याज आणि दूध डेअरीच्या बिलातले हजार-दोन हजार इकडे वळवा. एफडी जाग्यावर राहते.

मुदतीचंही तसंच. पंधरा वर्षं घेतली तर त्या ८ लाख १० हजारांचा हप्ता ८,७०० वर येतो, पण एकूण भरणा दहा वर्षांच्या मानाने पावणेतीन लाखांहून जास्त वाढतो. मुदत मोठी घेतलीत तरी चालेल, अट एकच: बोनस आला की मुद्दलात भरा. बदलत्या दराच्या कर्जाला मुदतीआधी भरल्याबद्दल दंड नाही.

काही जण पतसंस्थेत जातात. ओळखीचा संचालक, दोन दिवसांत चेक. पण तिथे हप्ता पुढच्याच महिन्यापासून, दर चढा, केंद्राची व्याजसवलत नाही आणि शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकराच्या जुन्या करपद्धतीत मिळणारी वजावटही नाही. सोनेतारणाचं तेच: व्याज लगेच सुरू, आणि मुदत चार वर्षं थांबत नाही. राउंडची फी उद्या भरायची आहे आणि मंजुरी यायला दहा दिवस आहेत, तेवढ्या दहा दिवसांपुरतं सोनं ठेवा. कर्जाचे पैसे कॉलेजला गेले की भरलेल्या फीचं काय करायचं ते आधी शाखेला आणि कॉलेजला विचारून ठेवा.

परदेशाबद्दल थोडक्यातच सांगते, कारण तो माझा प्रांत नाही. तिथे तुमचा हिस्सा १५ टक्के, रक्कम मोठी म्हणून सरकारी बँकेत घर तारण. तारणाशिवाय वित्त कंपन्या देतात, व्याज जास्त घेतात. राहतं घर गहाण ठेवून जाणारा मुलगा तिथली नोकरी आणि व्हिसा दोन्ही धरून चाललेला असतो, आणि यातलं एकही त्याच्या हातात नसतं.

नोकरी लागली नाही तर? हा प्रश्न लोक मला हळू आवाजात विचारतात. बेकारीच्या काळात हप्ता पुढे ढकलण्याची तरतूद योजनेतच आहे, कर्जाच्या आयुष्यात दोन-तीनदा सुद्धा. पण मागायला लागतं, लेखी, आणि हप्ता थकण्याआधी. आपल्याकडे माणूस अडचणीत आला की बँकेच्या रस्त्यानेच जायचं सोडतो. तीन हप्ते थकले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत, होतं, आणि बापाचा सिबिल पोराबरोबर जातो.

आणि एक प्रश्न फक्त मुलींच्या आईवडिलांचा असतो. “कर्ज काढलं असतं हो, पण लग्न झाल्यावर फेडणार कोण?” मुलाच्या बापाने हे मला कधी विचारलेलं नाही. उत्तर सरळ आहे: ज्याच्या नावावर कर्ज, तो फेडणार. ती फेडेल, तिच्या पगारातून. मुलींना बऱ्याच बँका व्याजात अर्धा टक्का सूट देतात, फीमाफी लागू असेल तर कर्ज हॉस्टेल-मेसपुरतंच उरतं, म्हणजे मुलाच्या कर्जापेक्षा ते लहानच. लग्न झालेल्या मुलीच्या कर्जाला नवरा किंवा सासूसासरेही सहकर्जदार होऊ शकतात. स्थळ बघायला आलेल्यांना पहिल्या बैठकीतच सांगा: मुलीचं शैक्षणिक कर्ज आहे, महिना एवढा हप्ता आहे, तो ती स्वतः भरते. ऐकून जे उठून जातील त्यांना चहा तरी कमी लागेल.